पंख आणि पदवी

नाशिकमध्ये डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी शाळा काढली, तेव्हा नौदलात वैमानिक होण्याचा मार्गच नव्हता. कोचीचा ‘गरुड’ तळ १९५३ चा, ‘विक्रांत’ नौदलात आली १९६१ मध्ये. या काळात मला एक पेच दिसतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला तेव्हा पदवी मिळत नसे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी आली ती १९७०च्या दशकात. म्हणजे आधीच्यांनी पंख मिळवले, पण नोकरी संपल्यावर हाती पदवी नव्हती.

आज एळिमलाच्या अकादमीत बी.टेक. होते. पुढे वेलिंग्टनच्या स्टाफ कोर्ससोबत मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. मिळते. मात्र ते जवळपास वर्ष वर्गात जाते, आणि डेकवर उतरण्याचा हात सरावावाचून बोथट होतो. म्हणून माझ्या मते प्रश्न ‘उड्डाण की शिक्षण’ असा नाही. कोणत्या वर्षी काय, हा आहे. एनडीएची तयारी करून घेणारी मुलींची शासकीय संस्था आता नाशिकमध्ये आहे. तिथल्या मुलींना हा हिशेब पहिल्याच दिवशी सांगायला हवा.