थेंबातला साबण

डोळ्यांच्या औषधाच्या बहुतेक बाटल्यांवर दोन गोष्टी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. एक म्हणजे, बाटली उघडल्यापासून महिन्याभरात वापरून टाकावी ही सूचना. दुसरी, घटकांच्या यादीत शेवटी येणारे ‘बेन्झाल्कोनियम क्लोराईड’ हे लांबलचक नाव. सूचना आपण जमेल तशी पाळतो, नाव मात्र कुणी वाचत नाही. या दोन ओळींमागे एक जुना पेच आहे. बाटलीतले औषध जंतूंपासून राखायचे, की डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ पडदा राखायचा? दोन्ही एकाच वेळी साधणे किती अवघड, याचाच हा इतिहास आहे.

अश्रू मेंदूतून पाझरतात, असे युरोपातले वैद्य एकेकाळी मानत. १६६२ मध्ये डेन्मार्कच्या निल्स स्टेन्सनने ते डोळ्याजवळच्या ग्रंथीतून येतात हे दाखवले. पुढे चारच वर्षांनी, १६६६ मध्ये, जर्मनीतल्या हाइनरिश मायबोमने पापणीच्या कडेला उघडणाऱ्या मेदग्रंथींचे वर्णन केले. म्हणजे पाणी कुठून येते आणि तेल कुठून येते, हे शिवकाळातच युरोपात माहीत झाले होते. पण ही दोन्ही द्रव्ये डोळ्यावर एकत्र येऊन काय करतात, याकडे लक्ष जायला पुढे जवळजवळ तीन शतके लागली. ऑटो शिर्मरने १९०३ मध्ये अश्रू मोजण्याची पद्धत दिली. टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. आजही ही चाचणी दवाखान्यांत होते; पण ती सांगते अश्रू किती आहेत, कसे आहेत ते नाही.

अश्रूंची घडण नीट मांडली ती लंडनचे नेत्रतज्ज्ञ यूजीन वोल्फ यांनी, १९४६ मध्ये. त्यांच्या मांडणीनुसार डोळ्यावर तीन थर असतात. तळाशी चिकट श्लेष्मा, मध्ये पाणी, वर तेलाचा तवंग. श्लेष्म्यामुळे पाणी बुबुळावर धरून राहते, तेलामुळे ते उडून जात नाही. पाणी आणि श्लेष्मा यांच्यात ठळक सीमारेषा नाही, ते एकमेकांत मिसळलेले असतात, असे आता मानले जाते. तरी मूळ कल्पना टिकून आहे. हा सगळा पडदा मिलिमीटरच्या हजार भागांपैकी तीन-चार भाग एवढाच जाड असतो. पापणी लवते तेव्हा तो नव्याने सारवला जातो. १९६१ मध्ये मिशिमा आणि मॉरिस यांनी सशाच्या डोळ्यावरचा तेलाचा थर काढून पाहिला, तेव्हा पाणी उडण्याचा वेग कित्येक पटींनी वाढला. तवंग दिसायला क्षुल्लक, पण सारी भिस्त त्याच्यावर.

बाटलीची गोष्ट याला समांतर चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोळ्यांच्या थेंबांना मोठे महत्त्व आले. काचबिंदूवर १८७६ मध्ये फायसोस्टिग्मिन आणि १८७७ मध्ये पायलोकार्पिन वापरात आले. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. त्या काळी औषधाचा विचार म्हणजे गुणकारी द्रव्याचा विचार. ते कशात विरघळवले, त्याची आम्लता किती, ते डोळ्याला झोंबते का, हे प्रश्न दुय्यम होते. वास्तविक झोंबणारा थेंब डोळ्यात पाणी आणतो आणि ते पाणी औषधालाच धुऊन नेते.

खरा धोका होता जंतूंचा. एकच बाटली रोज उघडली जाई आणि तिचे टोक कितीतरी पापण्यांना लागे. बुबुळावरची जखम तपासण्यासाठी वापरायच्या फ्लुरोसीन या रंगाच्या द्रावणात स्यूडोमोनास नावाचा जंतू सहज वाढतो आणि तो बुबुळाची फार वेगाने नासाडी करतो. जो थेंब तपासणीसाठी, त्यानेच डोळा जायचा! म्हणून १९५१ मध्ये रंगाचे द्रावण सोडून रंगात भिजवून वाळवलेल्या निर्जंतुक कागदी पट्ट्या वापरण्याची सूचना पुढे आली. त्याच दशकात अमेरिकेत डोळ्यांची औषधे निर्जंतुक असणे बंधनकारक झाले.

पण उघडलेली बाटली निर्जंतुक ठेवायची कशी? तिथे बेन्झाल्कोनियम क्लोराईड उपयोगी पडले. जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये त्याचा जंतुनाशक गुण जाहीर केला होता. ते स्वस्त, टिकाऊ आणि अगदी थोडे पुरते. शिवाय ते बुबुळावरच्या पेशींची वीण सैल करते, त्यामुळे औषध आत जास्त शिरते. कारखानदारांच्या दृष्टीने हे दुहेरी लाभाचे. मात्र हे द्रव्य जातीने साबणासारखे आहे. जंतूचे मेदाचे आवरण ते फोडते, तसाच अश्रूंवरचा तवंगही विस्कटते. साबणाला यातला भेद कळत नाही.

याची चाहूल लवकर लागली होती. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ केनेथ स्वॅन यांनी १९४४ मध्ये अशा साबणसदृश द्रव्यांचा डोळ्याच्या पेशींवर होणारा परिणाम तपासला. पुढच्याच वर्षी त्यांनी मिथाइल सेल्युलोज या दाटपणा देणाऱ्या द्रव्याचा डोळ्यांसाठी उपयोग मांडला. आजच्या कृत्रिम अश्रूंचे ते एक पूर्वज. इजा आणि उपाय या दोन्ही विषयांवर एकच माणूस एका वर्षाच्या अंतराने लिहितो, आणि तरी पुढे बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम अश्रूंत दोन्ही द्रव्ये एकत्र नांदतात, हे मला या इतिहासातले सर्वांत विचार करायला लावणारे प्रकरण वाटते.

पडद्याची मजबुती मोजण्याचे साधन नॉर्न यांनी १९६९ मध्ये दिले. रंग घालून, पापणी न लवता, पडद्यात पहिला कोरडा ठिपका किती सेकंदांनी पडतो ते पाहायचे. १९७५ मध्ये विल्सन, डंकन आणि जे यांनी असेच निरीक्षण ससा आणि माणूस या दोघांवर केले. बेन्झाल्कोनियमचे थेंब घातल्यावर पडदा लवकर फाटत होता. २००२ मध्ये काचबिंदूच्या ४,१०७ रुग्णांची फ्रेंच पाहणी प्रसिद्ध झाली. परिरक्षक असलेले थेंब घालणाऱ्यांत ४० टक्के लोकांना जळजळ होत होती, परिरक्षक नसलेल्यांत २२ टक्के.

इथे एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. डोळ्यात एका वेळी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे एकेक थेंब डोळ्यातल्या पाण्याच्या चार-सात पट. बराचसा गालावर ओघळतो, पण काही काळ डोळ्यावर राज्य त्याचेच. आठवडाभराच्या औषधाने निरोगी डोळ्याला सहसा बाधत नाही. काचबिंदूचा रुग्ण मात्र जन्मभर, कधी दोन-तीन बाटल्यांतून, हा साबण घेत असतो. आणि कोरड्या डोळ्यांचा माणूस आराम पडावा म्हणून दिवसातून दहा वेळा थेंब घालतो, तेव्हा ज्याची डागडुजी करायची तो पडदाच उसवत असतो.

यावर उपाय निघाले. एका वेळेपुरत्या छोट्या कुप्या, हवा आत न घेणाऱ्या झडपेच्या बाटल्या, डोळ्यात गेल्यावर विघटित होणारी सौम्य परिरक्षके. पण परिरक्षक काढले की सगळी जबाबदारी बाटलीवर आणि कारखान्यावर येते. २०२३ मध्ये अमेरिकेत परिरक्षकविरहित, पण अनेकदा वापरायच्या बाटलीतील कृत्रिम अश्रूंशी जोडलेली स्यूडोमोनासची साथ आली. मेपर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे दगावले. ते थेंब चेन्नईजवळच्या कारखान्यात बनले होते आणि तिथल्या निर्जंतुकीकरणात तपासनीसांना त्रुटी आढळल्या. १९५१ मध्ये ज्या जंतूच्या भीतीने कागदी पट्ट्या आल्या, तोच हा जंतू.

म्हणून ‘परिरक्षक वाईट’ एवढाच निष्कर्ष काढणे घातक ठरेल. काचबिंदूचे औषध जळजळते म्हणून स्वतःच्या मनाने बंद करणे तर त्याहून घातक, कारण गेलेली दृष्टी परत येत नाही. डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. यात परिरक्षक कोणते आहे? माझ्यासाठी त्याविना मिळणारे औषध आहे का? आणि महिन्याची मुदत संपली, की उरलेले औषध कितीही महागाचे असो, ते टाकून द्यावे.