मोबाइलला चुंबक : गैरसमज कोणते, धोका कुठे?

मोटारीच्या डॅशबोर्डवर मोबाइल धरून ठेवणारा चुंबकी स्टँड, मिटताच पडदा बंद करणारे फ्लिप कव्हर, फोनच्या पाठीला आपोआप चिकटणारा चार्जर, कार्डे ठेवण्याचे चुंबकी पाकीट अशा वस्तूंनी बाजारपेठ भरून गेली आहे. त्याचबरोबर ‘चुंबकाने मोबाइल बिघडतो’ ही भीतीही कायम आहे. या शंकेचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मोबाइलचे काही भाग चुंबकाला मुळीच दाद देत नाहीत, काही भाग मात्र त्याच्या सान्निध्यात तात्पुरते गोंधळतात. खरी काळजी घ्यावी लागते ती फोनची नव्हे, तर काही माणसांची.

भीतीचे मूळ

ध्वनिफिती, फ्लॉपी आणि संगणकाची हार्ड डिस्क यांत माहिती चुंबकीय स्वरूपात साठविली जात असे. त्यामुळे जवळ आलेल्या चुंबकाने ती पुसली जाण्याचा धोका होता. स्मार्टफोनमधील फ्लॅश मेमरीत मात्र माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. घरगुती चुंबकाने छायाचित्रे किंवा दूरध्वनी क्रमांक पुसले जात नाहीत. लिथियम-आयन बॅटरीलाही अशा चुंबकाने अपाय होत नाही. किंबहुना फोनच्या स्पीकरमध्ये मुळातच चुंबक असतो.

होकायंत्र भरकटते

चुंबकाचा सर्वांत थेट परिणाम होतो तो फोनमधील मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे होकायंत्राच्या संवेदकावर. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अत्यंत क्षीण, स्थळानुसार सुमारे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला इतके असते. साध्या फ्रिजवरील चुंबकाचे क्षेत्र त्याच्या पृष्ठभागाशी काही मिलिटेस्ला, म्हणजे शेकडो नव्हे तर हजारो मायक्रोटेस्ला भरते. अशा वेळी संवेदकाला उत्तर दिशा सापडणे कठीण होते.

येथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. जीपीएसचे संदेश सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून रेडिओलहरींनी येतात, त्यांना चुंबक अडवीत नाही. त्यामुळे नकाशावरील आपले ठिकाण बरोबरच दिसते. मात्र, माणूस एका जागी उभा असताना त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे फोन होकायंत्रावरूनच ठरवितो. धुक्यात सह्याद्रीतील वाट शोधणाऱ्या गिर्यारोहकाच्या दृष्टीने ही चूक किरकोळ नव्हे. दिशा पाहण्यापूर्वी चुंबकी कव्हर काढावे आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवून होकायंत्र जुळवून घ्यावे, हा त्यावरील सोपा उपाय.

कॅमेरा आणि पडदा

अनेक फोनमध्ये हाताचा कंप भरून काढण्यासाठी आणि फोकस साधण्यासाठी कॅमेऱ्याचे भिंग सूक्ष्म अंतराने हलविले जाते. भिंगाची जागा मोजणारे संवेदक चुंबकीय क्षेत्रावरच चालतात. कॅमेऱ्यालगत बाहेरचा चुंबक आला, की त्यांची मोजणी चुकू शकते आणि छायाचित्र अस्पष्ट येते. चुंबक दूर करताच कॅमेरा सहसा पूर्ववत होतो. पडदा अचानक बंद होण्याचे कारणही बहुधा असेच असते. फ्लिप कव्हरमधील चुंबक ओळखण्यासाठी बसविलेला संवेदक दुसऱ्या एखाद्या चुंबकालाही कव्हरच समजतो.

लोखंडी चकतीचा अडथळा

चुंबकी स्टँडसाठी फोनच्या पाठीवर चिकटविली जाणारी लोखंडी चकती हा वेगळाच प्रश्न आहे. तारेविना चार्जिंग करताना ती मध्ये आल्यास ऊर्जा अडते, चकती तापते किंवा चार्जर बंद पडतो. फोन टेकवून पैसे देण्याची एनएफसी यंत्रणाही तिच्यामुळे अडखळू शकते. याउलट ॲपलने २०२० मध्ये ‘आयफोन १२’मध्ये चार्जिंगच्या वेटोळ्याभोवती चुंबकांचे कडे बसविले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ची २’ या मानकातही हीच रचना स्वीकारली गेली. या मानकानुसार तयार केलेल्या वस्तूंत चुंबकांची जागा आणि ताकद ठरलेली असल्याने त्या चार्जिंगला अडथळा न करता मदतच करतात.

बँकेच्या कार्डावरील काळी चुंबकीय पट्टी मात्र चुंबकापासून जपावी. भारतात ३१ डिसेंबर २०१८पर्यंत केवळ पट्टीवर चालणारी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता. चिपला चुंबकाची बाधा होत नाही. हॉटेलच्या खोलीची पट्टी असलेली कार्डे मात्र लवकर निकामी होतात.

हृदयरुग्णांनी सावध राहावे

पेसमेकर आणि हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर यांत चुंबक ओळखणारी कळ मुद्दाम ठेवलेली असते. शस्त्रक्रियेच्या वेळी छातीवर चुंबक ठेवून डॉक्टरांना यंत्राचे काम तात्पुरते बदलता यावे, हा तिचा हेतू. २०२१च्या आरंभी अमेरिकेतील हेन्री फोर्ड रुग्णालयातील डॉक्टरांनी ‘हार्ट ऱ्हिदम’ या नियतकालिकात एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. ‘आयफोन १२’ छातीजवळ नेताच त्याच्या डिफिब्रिलेटरचे उपचार स्थगित झाले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१मध्ये हा धोका कमी असल्याचे सांगितले. तरीही असे फोन शरीरातील यंत्रापासून सहा इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला दिला. चार्जिंग सुरू असताना हे अंतर ३० सेंटिमीटरहून अधिक असावे, असे ॲपलची सूचना सांगते.

सदऱ्याच्या डाव्या खिशात मोबाइल ठेवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. पेसमेकर बहुधा त्याच बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली बसविलेला असतो. घरात असा रुग्ण असल्यास चुंबकी फोन, कव्हर आणि पाकीट त्याच्या छातीपासून दूर राहील, याची खबरदारी घ्यावी आणि शंका असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. इतरांनी चुंबक कॅमेऱ्यापासून दूर ठेवला आणि दिशा पाहताना तो काढला, तर चिंतेचे कारण नाही.