अर्ध्या तासाचं सूत

गांधींचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. पुढे चरखा, मागे जमिनीवर बसलेले गांधी, खिडकीतून येणारा उजेड. तो 1946 साली पुण्यात काढला गेला. फोटोग्राफर होती ‘लाइफ’ मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट. कॅमेरा उघडण्याआधी तिला अट घालण्यात आली: आधी सूत कातायला शिक. तिने प्रयत्न केला, धागा पुन्हा पुन्हा तुटला, आणि मग कुठे तिला आत सोडलं. गंमत म्हणजे त्या फोटोत गांधी सूत कातत नाहीत. ते कात्रणं वाचत बसलेत.

या बाईबद्दल मला विशेष सहानुभूती आहे. चार वर्षांपूर्वी मी हौसेने एक जुना पेटी चरखा घेतला आणि पहिले तीन आठवडे फक्त कापूस वाया घालवला. दिसायला सोपं असतं. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची मऊ वळी. पेळूचं टोक चातीला, त्या बारीक फिरत्या सळईला लावायचं आणि हात मागे ओढत न्यायचा. कापसाच्या तंतूंना पीळ बसत जातो, धागा होतो. मग चाक किंचित उलटं फिरवून तो चातीवर गुंडाळायचा. हात जरा घाईने ओढला की धागा तुटतो, जरा रेंगाळला की गाठीगाठींचा दोरखंड होतो. मराठीत दोन माणसांचं ‘सूत जुळतं’ असं का म्हणतात, ते तुटलेला धागा दोनशेव्यांदा जोडताना कळलं.

आपल्या आजी-आजोबांना हे नवं नव्हतं. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर ‘नई तालीम’ आली आणि पुढे कित्येक शाळांमध्ये मुलं तासाला टकळी फिरवायची. आता टकळी उरली आहे ती ‘तुझी टकळी बंद कर’ एवढ्यापुरती.

पण गांधींनाही चरखा घरातून मिळालेला नव्हता. 1909 साली त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं तोवर चरखा किंवा हातमाग पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांनीच आत्मकथेत सांगून टाकलंय. 1915 मध्ये भारतात परतले तेव्हाही चरखा पाहिलेला नव्हता. आश्रमात माग बसवले, पण सूत गिरणीचं. शेवटी गंगाबेन मजमुदार या बाईंनी शोधाशोध केली आणि बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे सापडले. बरेचसे माळ्यावर टाकलेले. बायका म्हणाल्या, पेळू नियमित द्या, सूत विकत घ्या, आम्ही कातू. पहिले पेळू आले मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांच्या गिरणीतून! गांधींना ते फार काळ पटलं नाही, मग पिंजारी शोधावा लागला. चळवळीच्या इतिहासातली ही माझी आवडती जागा आहे. सगळं शुद्ध, स्वच्छ, आधीपासून ठरलेलं असं काही नव्हतं.

मग मुंबईत, मणिभवनात, आजारातून उठणाऱ्या गांधींच्या खोलीत चरखा फिरू लागला. त्यांना आता पूर्ण खादीच हवी होती, पण तेव्हाची खादी जेमतेम 30 इंच पन्ह्याची निघायची. त्यांनी गंगाबेनना निरोप धाडला: महिन्याभरात 45 इंची धोतर द्या, नाहीतर मी आखूडच नेसेन. गंगाबेननी महिन्याच्या आत जोडी पाठवली.

याच मुंबईतल्या वर्तुळात अवंतिकाबाई गोखले होत्या. चंपारणला जाऊन शाळा चालवणाऱ्या, गांधींचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या (त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची), ‘हिंद महिला समाज’ काढणाऱ्या. त्या दरवर्षी गांधींच्या वाढदिवसाला स्वतः कातलेल्या सुताचं धोतर भेट द्यायच्या. हे वाचलं तेव्हा मी छान वगैरे म्हणून पुढे गेले होते. स्वतः कातायला लागल्यावर कागद-पेन घेऊन बसले.

सुताचं माप असं. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत साधारण 853 वार सूत. आता 45 इंच पन्ह्याचं, पाच वार लांब धोतर धरा, इंचाला 40 उभे आणि 40 आडवे धागे. उभं सूत नऊ हजार वार, आडवं तेवढंच. एकूण अठरा हजार वार, म्हणजे एकवीस गुंड्या. घरी कातणारा माणूस तासाला एक लटी काढतो असं मानलं तर 84 तास. रोज अर्धा तास बसलं तर एका धोतराला साडेपाच महिने, जोडीला अकरा. वाढदिवस वर्षातून एकदाच येतो हे बरंच म्हणायचं. हा हिशोब माझा, ढोबळ. विणकराची मजुरी, पिंजणं, तुटलेलं सूत त्यात नाही.

हा अर्धा तास लहान घरात बसवायची सोय झाली ती तुरुंगात. जुना उभा चरखा अर्धी खोली अडवतो. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला येरवड्याच्या कैदेत गांधींनी चरखा लहान करण्याचा ध्यास घेतला. एका मोठ्या चाकाऐवजी दोन चाकं, आडवी ठेवलेली; मोठं लहानाला फिरवतं, लहान चातीला. वेग तेवढाच, जागा एका पेटीएवढी. हाच येरवडा चक्र किंवा पेटी चरखा. गांधींनी वापरलेला असा एक चरखा त्यांनी फ्लॉइड पफर या अमेरिकी मिशनऱ्याला दिला होता. 2013 मध्ये इंग्लंडात त्याचा लिलाव झाला, 1 लाख 10 हजार पौंडांना. (मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरने धनुष्य तकली बनवली. मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं पुढे इंग्रजीत आणणारा हाच माणूस.)

मात्र पेटी उचलून गाडीत कातणाऱ्या माणसाचं सूत आणि विजापूरच्या बाईचं सूत एकाच मापाने मोजलं जात असलं, तरी ते एक नव्हतं. डिसेंबर 1924 मध्ये बेळगाव काँग्रेसने ठरवलं की सदस्याने महिन्याला 2000 वार स्वतः कातलेलं सूत द्यावं. माझ्या वेगाने साधारण साडेनऊ तास. पण त्यात पळवाट होती: आजार असेल किंवा इच्छाच नसेल तर दुसऱ्याने कातलेलं चालेल. म्हणजे पुढाऱ्याच्या नावावर जमा होणारं सूत कुठल्यातरी बाईने चार पैशांसाठी कातलेलं असू शकत होतं. सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला ही सक्ती गुंडाळली गेली आणि कताईसाठी वेगळा चरखा संघ निघाला.

त्या बाईला मिळायचं काय? फार थोडं. 1929 मध्ये चरखा संघाने एक लाखाचं बक्षीस लावलं. यंत्र झोपडीत चालावं, बाईला फार न थकता आठ तास चालवता यावं, तेवढ्यात 16,000 फूट सूत निघावं, किंमत 150 रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकावं. गणेश भास्कर काळे या मराठी माणसाने किर्लोस्करांच्या पाठबळावर यंत्र बनवलं, त्याच्या चाचण्या झाल्या, पण ते अटींत बसलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मला वाटतं अटींमध्येच पेच होता. 150 रुपये म्हणजे 2400 आणे, आणि कातणारीची दिवसाची कमाई मोजायची ती एकेका आण्यात. 1935 मध्ये गांधींनी तासाला एक आणा, आठ तासांना आठ आणे मजुरी हवी असा आग्रह धरला. मजुरी वाढली, पण तिथवर पोचली नाही. वाढली तेवढ्यानेही खादी महागली, आणि विक्रीचं काय, ही ओरड कार्यकर्त्यांतूनच सुरू झाली.

माझ्याकडे सध्या साडेअकरा गुंड्या आहेत. गेल्या दिवाळीत त्या एका विणकराला दाखवल्या. त्यांनी धागा दोन बोटांत धरून ताणला, तो तुटला. दुसरा ताणला, तोही तुटला. ‘ताई, हे आडव्याला चालेल,’ ते म्हणाले, ‘उभ्याला गिरणीचं घ्या.’ मी विचारलं, विणायचे किती घ्याल? त्यांनी आकडा सांगितला. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, आणि मिटलं.