जपानमधील मराठी बिऱ्हाडे

जपानमध्ये मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहू लागली ती एकविसाव्या शतकात. भारतीयांचा तिथला वावर मात्र त्याहून बराच जुना आहे. जमशेटजी टाटा आणि ‘निप्पॉन युसेन काइशा’ ही जपानी जहाज कंपनी यांच्या सहकार्याने १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू झाली. जपानी सूतगिरण्यांना लागणारा भारतीय कापूस या मार्गाने जाऊ लागला. योकोहामा आणि कोबे या बंदरांत सिंधी, गुजराती व पारशी व्यापाऱ्यांनी पेढ्या थाटल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले आणि तिथल्या अनेक भारतीय व्यापाऱ्यांनी कोबे गाठले. संकटात मदतीला धावून आलेल्या योकोहामावासीयांच्या ऋणाची आठवण म्हणून भारतीयांनी १९३९ मध्ये तिथल्या यामाशिता उद्यानात पाणपोई बांधून दिली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि हा व्यापार तुटला. युद्धानंतर कोबेतील व्यापारी वस्ती पुन्हा सावरली, पण ती पिढीजात पेढ्यांची वस्ती होती. महिन्याच्या पगारावर संसार करणाऱ्या मराठी नोकरदाराला जपानची वाट त्यानंतर बऱ्याच काळाने खुली झाली.

इसवी सन २००० लागताना संगणक बंद पडतील या धास्तीमुळे सॉफ्टवेअर अभियंत्यांची मागणी वाढली होती. ऑगस्ट २००० मध्ये जपानचे पंतप्रधान योशिरो मोरी भारतात आले आणि त्यानंतर भारतीय अभियंत्यांसाठी व्हिसाचे नियम सैल झाले. पुण्यात जपानी भाषेचे वर्ग आधीपासून चालत असल्याने पुण्याची मुले या संधीसाठी तयार होती. नोकऱ्या बहुतेक टोकियोच्या ओतेमाची, कायाबाचो या बँका-वित्तसंस्थांच्या भागांत होत्या. तिथे गाडी न बदलता नेणारी तोझाई ही भुयारी रेल्वे एदोगावा वॉर्डातील निशिकासाईवरून जाते. म्हणून अभियंत्यांनी मुक्कामाला हीच वस्ती निवडली.

सुरुवातीला एकटे पुरुषच आले. त्यांच्यापुढची पहिली अडचण घराची होती. जपानमध्ये खासगी घर भाड्याने घेताना सहसा जामीनदार लागतो आणि मालकाला ‘रेइकिन’ म्हणजे परत न मिळणारी भेटरक्कम द्यावी लागते. शिवाय परदेशी भाडेकरूला नकार देणारे मालकही कमी नव्हते. सार्वजनिक गृहसंस्थेच्या वसाहतींत जामीनदार आणि रेइकिन दोन्ही लागत नाहीत, त्यामुळे निशिकासाईतील त्या इमारतींत भारतीय बिऱ्हाडे वाढत गेली. १९७० च्या दशकापासून जपानमध्ये असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी नवख्यांना घरे मिळवून देण्यास मदत केली आणि शाकाहारी जेवणाची सोयही केली.

घर मिळाल्यावर पत्नी आली, मूल झाले आणि मग शाळेचा प्रश्न उभा राहिला. सरकारी जपानी शाळेत परदेशी मुलांनाही शुल्काशिवाय प्रवेश मिळतो, पण शिक्षण जपानीत असते. काही वर्षांनी परतायचे असलेल्या पालकांना ते अडचणीचे वाटे. २००४ मध्ये कोतो वॉर्डात ‘इंडिया इंटरनॅशनल स्कूल’ आणि २००६ मध्ये एदोगावात ‘ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल’ सुरू झाल्यावर ही अडचण दूर झाली. नवरा जपानला आणि बायकामुले पुण्याला, ही विभागणी त्यानंतर अनेक घरांत टळली.

रोजच्या व्यवहाराचे केंद्र म्हणजे वॉर्ड कार्यालय. पत्त्याची नोंद, आरोग्य विमा, पाळणाघराचा अर्ज ही सारी कामे तिथेच होतात. गरोदरपणाची नोंद केली की ‘बोशी तेचो’ ही माता-बाल पुस्तिका मिळते आणि तपासण्या व लसीकरण तिच्यात नोंदवले जाते. २०१२ मध्ये परदेशी रहिवाशांची वेगळी नोंदवही रद्द झाली आणि त्यांची नावे जपानी नागरिकांच्याच निवासी नोंदवहीत आली. कचऱ्याचे वर्गीकरण आणि तो उचलण्याचे ठरलेले वार सांभाळणे हा शेजारधर्माचाच भाग मानला जातो. अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला परवानगी काढून आठवड्याला २८ तासच नोकरी करता येते, त्यामुळे शिकलेल्या अनेक स्त्रियांचे करिअर अडते. आजी-आजोबा बहुधा ९० दिवसांच्या व्हिसावर येतात. २०१२ च्या गुणांकन पद्धतीत मात्र उच्चकुशल नोकरदाराला ठरावीक उत्पन्न असल्यास सात वर्षांखालील मुलाच्या संगोपनासाठी आई किंवा वडिलांना जवळ ठेवता येते.

भातखाऊ गोंदियाकरालाही जपानी तांदळाचा आखूड, चिकट दाणा नवा वाटतो. तूरडाळ, कणीक, मसाले आधी भारतातून बॅगेत भरून न्यावे लागत. वस्ती वाढली तशी निशिकासाईत किराणा दुकाने निघाली. गणेशोत्सव आणि दिवाळी सार्वजनिक रीतीने साजरी होऊ लागली. मार्च २०११ चा भूकंप आणि फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर अनेक कुटुंबे मायदेशी परतली, पण पुढच्या वर्षांत वस्ती पुन्हा भरली.

किती काळ राहायचे, हे बहुधा मुलांच्या शाळेवरून ठरते. भारतीय शाळेतील मुलांचे पालक परतीची वाट मोकळी ठेवतात. जपानी शाळेत रुळलेली मुले असली की पालक घर विकत घेऊन कायम निवासाचा परवाना काढतात; त्यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांचे वास्तव्य लागते. नागरिकत्वाचा निर्णय अधिक अवघड, कारण ते घेताना भारतीय नागरिकत्व सुटते. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक यांनी तो निर्णय घेतला. एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले.