फाल्गुनातली पानगळ आणि नाथांचे म्हातारपण



सज्जनहो, हल्ली मोबाईलवर परदेशातल्या लाल-पिवळ्या पानांची चित्रे फिरतात आणि खाली लिहिलेले असते, ‘आयुष्याचा शरद ऋतू’. चित्र सुरेख असते, पण ते आपल्या मुलखाचे नव्हे. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागरीचे चांदणे, कापसाची वेचणी आणि कार्तिकीची वारी. त्या दिवसांत आमच्या दिग्रसच्या आसपासचा साग अंगभर पाने घेऊन उभा असतो. आमची पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनात. थंड देशांत पान गळते ते थंडीपायी, आपल्याकडे गळते ते पाण्यापायी. पुढे चैत्र-वैशाख तापायचे असतात, जमिनीतली ओल आटत चाललेली असते, आणि पानावाटे तर झाडाचे पाणी सारखे हवेत जात असते. म्हणून झाड आपणहून पान सोडते. होळीच्या सुमारास पुसदच्या बाजूला जाऊन पाहा. सागाची वाळकी पाने पायाखाली पापडासारखी वाजतात, आणि तिथेच पळस उघड्या फांद्यांवर फुललेला असतो. मोहाची फुले वेचणारी माणसे आधी झाडाखालचा पाचोळा झाडून जागा मोकळी करतात.

आता आपले पंचांग उघडा. फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे तुकोबारायांची बीज. तिच्यामागे चारच दिवसांनी वद्य षष्ठी, नाथषष्ठी. संप्रदायाचे दोन महापुरुष याच पानगळीच्या पंधरवड्यात गेले. पण तुकोबाराय गेले १६५० साली, चाळिशी नुकती ओलांडलेली असताना. ज्ञानेश्वर माउलींनी तर १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. म्हातारपण कसे काढावे हे या दोघांच्या चरित्रात आपल्याला सापडत नाही, कारण त्यांच्यावर म्हातारपण आलेच नाही. ते पाहायचे तर नामदेवरायांकडे पाहावे, जे माउलींच्या मागे अर्धशतकाहून अधिक काळ राहिले आणि ऐंशीच्या घरात गेले. नाहीतर पैठणला नाथांच्या घरी जावे. मी आज नाथांच्या घरी जातो.

नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तोवर ग्रंथ होऊन जवळपास तीनशे वर्षे झाली होती आणि प्रतींमध्ये नकलकारांचे अपपाठ शिरले होते. नाथ तेव्हा पन्नाशीत होते. आधीच्यांचे जपून घ्यायचे हे काम त्यांनी केले. उतारवयात मात्र वेगळीच परीक्षा आली, आणि ती घरातून आली. पुत्र हरिपंडित मोठे शास्त्री. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते रागाने काशीला निघून गेले. नाथ त्यांना आणायला गेले, तेव्हा पुत्राने अटी घातल्या: परान्न सोडायचे आणि मराठीत सांगणे बंद करायचे. आणि नाथांनी त्या मान्य केल्या!

वाचकहो, इथे जरा थांबा. ज्याच्या वाणीने पैठण डोलत होते, त्याला पोटचा मुलगा म्हणतो, बाबा, आता तुम्ही गप्प बसा. तुमच्या-आमच्या घरात हे नेमके घडते की नाही? आणि आपण काय करतो? ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाऱ्हाणे सांगतो. नाथ मुलाच्या पुराणाला श्रोते म्हणून बसले.

पुढची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. हरिपंडितांचे श्रोते हळूहळू पांगले. एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता, तो तिने एकट्या नाथांना जेवू घालून पुरा केला. हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलायला वाकले तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. पुत्राचा अभिमान तिथे गळाला. मी ही कथा कितीतरी वेळा लावली असेन, पण त्या पत्रावळीचा विचार फार उशिरा मनात आला. आमच्याकडे पत्रावळ पळसाच्या पानांची. झाडावरून उतरलेले पान, पण त्याचे काम संपलेले नसते. त्यावर अजून कोणीतरी जेवायचे असते.

पानाच्या गळण्याची एक गोष्ट वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मास्तरांनी मला सांगितली. पान एकाएकी तुटत नाही. गळण्याआधी झाड त्या पानातले सत्त्व, जेवढे परत घेता येईल तेवढे, फांदीत ओढून घेते. मग देठाच्या बुडाशी एक पातळ पडदा धरतो, आणि तिथून पान सुटते. वादळात हिरवे पान तुटते, ते आपले सगळे सोबत घेऊन जाते. पिकलेले पान आधी देऊन जाते.

नाथांनी असेच दिले. शेवटच्या काळात त्यांनी भावार्थ रामायण हाती घेतले होते. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते आले आणि जाण्याची वेळ जवळ आली. ग्रंथ कोणाच्या हाती द्यावा? घरात शास्त्री पुत्र होते. मुलीचे पुत्र मुक्तेश्वर पुढे थोर कवी झाले. पण नाथांनी निवडले गावबांना. पुरणपोळीच्या ओढीने नाथांघरी राहिलेला, लोक ज्याला वेडा म्हणत, मंत्र म्हणून ‘एकनाथ’ एवढेच नाव घेणारा तो मुलगा. १५९९ साली नाथ गोदावरीत गेले, आणि उरलेले रामायण गावबांनी पुरे केले.

आता वडीलकीने एक बोलतो, राग मानू नका. आपल्यातले पुष्कळ म्हातारे वीणा सोडत नाहीत. गळा साथ देत नाही, ताल निसटतो, तरी गळ्यात वीणा हवीच. वीणा बदलताना एकमेकांच्या पाया पडायची आपली रीत आहे. देणाराही वाकतो, घेणाराही वाकतो. ती रीत प्रहरापुरती ठेवली आहे काय? दुसऱ्या बाजूला असेही म्हातारे पाहतो की जे रुसून एकदम बाजूला होतात आणि काकड्याच्या जुन्या चाली, कोणत्या अभंगाला कोणते प्रमाण लावायचे, कोणाकडून काय ऐकले, हे सगळे पोटात ठेवून जातात. ही हिरव्या पानाची गळ. या चाली कागदावर उतरत नाहीत, मागे गावबा नसेल तर त्या गेल्याच. आणि तरुणांनो, तुम्हालाही सांगतो, माइक तुमचा असू द्या, पण म्हाताऱ्याला नुसता हार घालून पहिल्या रांगेत बसवू नका. त्याच्याजवळ बसा आणि काढून घ्या.

माझे कीर्तन थांबले त्याला आता काही वर्षे झाली. वरचा स्वर लागत नाही, दातांमुळे शब्द फुटतात. दुपारी दोन मुले येतात. एकाचा गळा गोड आहे, पण त्याचे लक्ष नसते. दुसऱ्याचा आवाज घोगरा आहे, मात्र ऐकलेले विसरत नाही. काकड्याच्या बहुतेक चाली त्याला बसल्या आहेत. गवळणीची एक जुनी चाल तेवढी अजून हाती येत नाही, अंतऱ्याला तो दर वेळी घाई करतो. नाथषष्ठीच्या आत ती बसवायची आहे.