दुधाच्या नळीतील अदृश्य तटबंदी

१/ जळगाव-धुळ्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पार जातो. अशा उष्म्यात दुधातील जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट झाले, तर तीन तासांत एकाचे ५१२ होतात. म्हणूनच खानदेशातील दुधाचा इतिहास हा भांडी धुण्याचाही इतिहास आहे.

२/ १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव आणि धुळे त्यांचेच वारस. त्या काळी दूध गावाची वेस सहसा ओलांडीत नसे. घरची दुधाची भांडी राखेने आणि काथ्याने घासून, उन्हात पालथी घातली जात.

३/ १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झाले. सहकाराच्या वाटेने गावोगावचे दूध एकत्र येऊ लागले. जळगावचा जिल्हा दूध उत्पादक संघ त्याच परंपरेतला. पण कॅनची जागा पोलादी टाक्या व नळ्यांनी घेतली, आणि घासणारा हात आत पोचेनासा झाला.

४/ नळीच्या सांध्यांत, रबरी वायसरांच्या खाचांत दुधातील प्रथिने व क्षार साचतात. जिवाणू तेथे चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण विणतात. यालाच बायोफिल्म, म्हणजे जैवपटल म्हणतात.

५/ हे प्रथम कोणाच्या लक्षात आले? डेल्फ्टच्या लेवेनहूकच्या. १६८० च्या दशकात त्याने दातांवरील किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. व्हिनेगरने चूळ भरली, तर किटणाच्या बाहेरचे जीवच मरत. आतले सुखरूप राहत!

६/ १९४३ साली झोबेल यांनी पृष्ठभागांचा जिवाणूंवरील परिणाम अभ्यासला. १९७८ मध्ये कॉस्टर्टन व सहकाऱ्यांनी जिवाणू चिकटतात कसे, हे जगापुढे मांडले.

७/ लळिंगचा किल्ला आठवा. तट शाबूत असेतो बाहेरचा मारा आत पोचत नाही. क्लोरीनची शक्ती आवरणावरच खर्ची पडते. तळाशी सुस्त पडलेले जिवाणू वाचतात आणि पुन्हा वसाहत उभारतात.

८/ मग पाश्चरीकरण? ७२ अंशांवर १५ सेकंदांत बहुतेक जिवाणू मरतात. परंतु बॅसिलसचे बीजाणू तगतात. सुडोमोनास मरतो, पण त्याची काही विकरे दूध नासवीत राहतात. शिवाय पुढच्या नळीतही थर असू शकतो.

९/ म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी कोमट पाणी, मग वेगाने फिरणारे गरम कॉस्टिक, नंतर क्षारांचा थर विरघळवणारे आम्ल, आणि सर्वांत शेवटी जंतुनाशक. झिजलेले रबर वेळीच बदलायचे. आधी तट पाडायचा, मग आत शिरायचे.

१०/ आजीच्या राखेत अल्क होता, काथ्यात घर्षण, उन्हात कोरडेपणा. सूत्र तेच, फरक एवढाच की तिचे भांडे अस्वच्छ राहिले, तर एका घरचे दूध नासे. आज एका नळीतील थर शेकडो घरांचे कष्ट वाया घालवू शकतो.