'पाव': एका शब्दाची कुळकथा

परवां चहाच्या वेळीं आमच्या पुतणीनें विचारलें, "काका, पावाला पाव कां म्हणतात? चार-चार जोडलेले असतात म्हणून?" आम्ही उत्तर देणार तोंच शेजारीं बसलेल्या एका वृद्ध स्नेह्यांनीं निकाल दिला, "छे! पीठ पायांनीं तुडवितात, म्हणून पाव." हें उत्तर आम्हांस नवें नव्हतें. लहानपणीं तें आम्ही आमच्या आजीच्या तोंडून ऐकलें होतें, आणि त्याची किंमत कोणास द्यावी लागली हेंहि आम्हांस ठाऊक आहे. तें शेवटीं सांगूं. आधीं शब्दाचें कूळ पाहूं.

मराठींत 'पाव' एकच दिसतो, परंतु तो एक नाहीं. तीन निरनिराळ्या घराण्यांतील तिघे एकाच नांवानें वावरत आहेत. पहिला पाव म्हणजे चौथा हिस्सा. पावशेर गेला, पाव किलो आला, पण हा टिकून राहिला. याचें मूळ संस्कृत 'पाद'. चतुष्पाद प्राण्याचा एक पाय म्हणजे चारांतील एक, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. अनुष्टुभाचे चरणहि याच हिशेबानें चार. प्राकृतांत मधला 'द' गळाला. रिकाम्या जागीं कोठें 'य' येऊन 'पाय' झाला, कोठें 'व' येऊन 'पाव' झाला. 'पाऊण' म्हणजे पादानें ऊन, तोहि याच घरांतला. दुसरा पाव क्रियापदांत राहतो. देव पावतो, पत्र पावतें, पैसे पावले म्हणजे पावती मिळते. हा 'प्र' आणि 'आप्' यांपासून झालेला, म्हणजे 'प्राप्त' शब्दाचा सख्खा भाऊ. तिसरा पाव भट्टींतला. तो समुद्रावरून आला.

पहिल्याचे आप्त फार दूरवर पसरले आहेत. लॅटिन 'पेस', षष्ठींत 'पेदिस'. ग्रीक 'पूस', षष्ठींत 'पोदोस'. फार्सी 'पाय', जो आपल्या पायजम्यांत शिरला आहे. आणि इंग्रजी 'फुट'. 'पाद' आणि 'फुट' यांत एकहि व्यंजन समान नाहीं, तरी नातें पक्कें आहे. संस्कृत-लॅटिनांतील 'प' च्या जागीं इंग्रजी-जर्मन कुळांत 'फ' आणि 'द' च्या जागीं 'ट' येतो, हा नियम याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं मांडला. 'पितृ'समोर 'फादर' आणि 'दश'समोर 'टेन' त्याच नियमानें उभे राहतात.

तिसऱ्याचें मूळ लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी. इटालियनांत 'पाने', स्पॅनिशांत 'पान'. पोर्तुगीजांत शेवटचा 'न' गळाला, त्याचा अनुनासिक तेवढा स्वरावर राहिला, आणि शब्द 'पांव' असा ऐकूं येऊं लागला. १५१० सालीं आल्बुकेर्कनें गोवा घेतलें; १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली. त्यांच्याबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्यास लागला. गोव्यांतील भट्टीवाल्यांनीं खमिराच्या ऐवजीं माडाच्या सुरेनें पीठ आंबविलें आणि परका पदार्थ आपलासा केला. गोव्यांत पाव विकणाऱ्यास 'पोदेर' म्हणतात. तोहि शब्द पोर्तुगीज, आणि तोहि पानिसाच्याच वंशांतला.

हाच शब्द इतरत्रहि उतरला. सिंहलींत पावास 'पान्' म्हणतात, बंगालींत 'पाउरुटी'. पोर्तुगीज व्यापारी १५४३ सालीं जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोंचले. जपानी लोक आजहि पावास 'पान' म्हणतात. जपानींतून तो कोरियन भाषेंत 'प्पांग' होऊन गेला.

आतां तुडविण्याच्या व्युत्पत्तीचें काय होतें तें पाहावें. जपानींत पायास 'आशी' म्हणतात. पायावरून पाव झाला असता, तर जपानी माणसास हें नांव सुचण्याचें कारणच नव्हतें. चार जोडलेल्या तुकड्यांची व्युत्पत्तिहि याच कारणानें पडते. जेथें पोर्तुगीज तारू गेलें तेथें शब्द गेला, इतका साधा हा हिशेब आहे.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. चिनी भाषेंत सारण भरून उकडलेल्या गोळ्यास 'पाओ' म्हणतात. उच्चार जवळचा, पदार्थहि पिठाचाच. पोर्तुगीज मकावला राहिले हेंहि खरें. तरी हा शब्द त्यांचा नव्हे. तो अस्सल चिनी असून त्याचा मूळ अर्थ 'गुंडाळणें'. म्हणजे ज्या शब्दांत साम्य नाहीं ते 'पाद' आणि 'फुट' एका रक्ताचे, आणि जुळ्यांसारखे दिसणारे 'पाव' आणि 'पाओ' परके. चेहऱ्यावरून नातें ठरवूं नये, वंशावळ पाहावी, हें शब्दांच्या बाबतींत तरी निरपवाद आहे.

पानिसाचा आणखी एक वंशज आपल्या इतिहासांत आहे. एकत्र भाकरी खाणारा तो उत्तरकालीन लॅटिनांत 'कोम्पानिओ'. त्यावरून फ्रेंचांतून इंग्रजींत 'कंपनी'. ज्या कंपनी सरकारनें १८१८ सालीं पेशवाई बुडविली, त्याच्या नांवांत सहभोजन होतें! आणि खुद्द पानिसाचें मूळ भाषापंडित 'चारणें, पोसणें' या अर्थाच्या धातूंत पाहतात. त्याचेंच संस्कृत भावंड म्हणजे 'पा', रक्षण करणें. 'गोप' आणि 'भूप' यांतला 'प' तोच. ज्यास आपण परका म्हणून दूर लोटलें, तो मुळांत इतका जवळचा निघतो.

लोटण्यास कारण नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन झालें आणि त्याची दहशत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. विहिरींत पावाचा तुकडा पडला आणि नकळत पाणी प्यालेलें गांव बाटलें, अशा कथा किनाऱ्यावर घरोघर सांगत. भीति खरी होती. परंतु राज्यें गेलीं, न्यायासन गेलें, आणि भीतीनें रचलेली व्युत्पत्ति तेवढी मागें राहिली.

आमचें बालपण वसईजवळ गेलें. शेजारच्या ख्रिस्ती मावशी दर नाताळांत घरीं भाजलेले पाव ताटलींत घालून, वर विणलेला रुमाल झांकून आणीत. आजी ताटली दोन्ही हातांनीं घेई, ती रिकामी परत जाऊं नये म्हणून तींत साखर घाली, आणि मावशी वळल्या कीं पाव गोठ्यांत गाईपुढें ठेवी. आम्ही हट्ट केला तर म्हणे, "पायांनीं तुडविलेलें अन्न आपण खाऊं नये, बाळ. नांवच सांगतें आहे." एके वर्षीं मावशी विसरलेला रुमाल न्यावयास परत आल्या, आणि त्यांनीं तें पाहिलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत; रुमाल घेऊन गेल्या. पुढच्या नाताळांतहि ताटली आली. तींत केळीं होतीं. पुढें मावशी होत्या तोंवर केळींच येत राहिलीं.

पीठ मळणारे ते हात आम्ही पुष्कळदां पाहिले होते. आजीला तें तेव्हां सांगावयास हवें होतें. त्यास लॅटिन यावें लागत नव्हतें.